शुमचे दगड: फ्रँकफर्ट ते एरफुर्ट, मंगळवार ते शनिवार

जर्मनीतल्या मध्ययुगीन ज्यू वस्त्यांची ही फेरी आखताना अंतरं कमी आणि वार जास्त बघावे लागतात. सोमवारी जर्मनीतली बहुतेक संग्रहालयं बंद. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो तो शनिवारी रात्रीपर्यंत, त्यामुळे शनिवारी ज्यू दफनभूम्यांना कुलूप. आपल्याकडे अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्रायली ज्यूंना 'शनवार तेली' नाव पडलं तेही याच नियमामुळे, शनिवारी त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून मंगळवारी फ्रँकफर्ट, बुधवारी श्पायर, गुरुवारी वॉर्म्स, शुक्रवारी माइन्त्स आणि शनिवारी एरफुर्ट, असा क्रम लावला. एरफुर्टचं जुनं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) आता नगरपालिकेचं संग्रहालय आहे, तिथे प्रार्थना होत नाही, ते शनिवारी उघडं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी रोश हशाना, योम किप्पुर आणि सुक्कोत या ज्यू सणांच्या तारखा आधी पाहाव्यात. त्या तारखा दरवर्षी सरकतात आणि ऐन सहलीच्या दिवसांत येतात.

श्पायर, वॉर्म्स आणि माइन्त्स यांची जुनी हिब्रू नावं श्पीरा, वर्माइझा आणि मागेन्झा. त्यांची आद्याक्षरं शिन, वाव आणि मेम जोडून 'शुम' हे नाव झालं. मध्ययुगात या तीन गावांच्या ज्यू पंचायती एकत्र बसून नियम करत. २०२१ साली युनेस्कोने तिथल्या वास्तूंना जागतिक वारसा म्हटलं. मुक्काम माइन्त्सला ठेवावा, फ्रँकफर्ट विमानतळावरून एस-८ लोकलने अर्ध्या तासात पोचता येतं. श्पायर आणि वॉर्म्ससाठी ऱ्हाइनलंड-फाल्त्स तिकीट काढलं की दिवसभराची सोय होते. मात्र ते कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच लागू होतं आणि वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही.

पहिला दिवस, मंगळवार: फ्रँकफर्ट

म्युझियम युडेनगासेमध्ये जमिनीखाली पाच घरांचे पाये राखले आहेत. युडेनगासे म्हणजे ज्यू गल्ली. गल्ली सुमारे ३३० मीटर लांब आणि तीन-चार मीटर रुंद. १४६२ साली नगर परिषदेने ज्यूंना इथे हलवलं तेव्हा शंभरेक माणसं होती, १६०० च्या सुमारास तीन हजारांच्या घरात. इथे एक गैरसमज दूर करून घ्यावा. मध्ययुगातले ज्यू कोंडलेल्या घेट्टोत राहत, असं सरसकट समजतात. ही गल्ली मध्ययुगाच्या शेवटाची आहे. त्याआधी इथले ज्यू कॅथेड्रलच्या आसपास, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. 'घेट्टो' हा शब्दच व्हेनिसचा, १५१६ चा.

फ्रँकफर्टमध्ये समजून घ्यायचा तो एक व्यवहार. १२३५ साली फुल्डा इथे मुलांच्या खुनाचा आळ घालून ३४ ज्यूंना मारलं. सम्राट दुसऱ्या फ्रीडरिशने चौकशी नेमली, ज्यू विधीसाठी ख्रिस्ती मुलांचं रक्त घेतात हा आरोप खोटा ठरवला आणि १२३६ मध्ये जर्मनीतल्या सगळ्या ज्यूंना आपल्या 'खजिन्याचे दास' म्हणून जाहीर केलं. ऐकायला हे संरक्षण वाटतं. पण खजिन्यातली वस्तू गहाण ठेवता येते. जून १३४९ मध्ये राजा चौथ्या कार्लने फ्रँकफर्टचे ज्यू १५,२०० पौंड हेलर नाण्यांना त्याच शहराकडे गहाण ठेवले. ज्यू मेले किंवा मारले गेले तर त्यांच्या मालमत्तेचं काय करायचं, हेही कागदावर लिहून ठेवलं. महिनाभरात, २४ जुलैला, शहरातले ज्यू संपवले गेले. पुढचे चार दिवस जे दगड बघायचे त्यांच्या मागे असले कागद आहेत. जमाव अचानक भडकला, एवढ्याने काहीच उलगडत नाही.

संग्रहालयाला लागूनच जुनी दफनभूमी आहे, तिथला सर्वांत जुना दगड १२७२ चा.

दुसरा दिवस, बुधवार: श्पायर

स्टेशनवरून आल्टप्योर्टेल ही जुनी वेस ओलांडून माक्सिमिलियान रस्त्याने सरळ कॅथेड्रलकडे चालायचं. कॅथेड्रलच्या थोडं आधी उजवीकडच्या गल्ल्यांत क्लाइने फाफेनगासे, तिथे युडेनहोफ, म्हणजे ज्यू चौक. रमतगमत अर्धा तास.

या पेठेची सनद शाबूत मजकुरात आपल्यापर्यंत आली आहे. १०८४ साली बिशप ऱ्युडिगर हुझमानने माइन्त्सच्या आगीनंतर निघालेल्या ज्यूंना बोलावलं. श्पायरचं शहर करायचं तर ज्यूंना आणल्याने गावाची शान हजारपट वाढेल, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. त्यांना मिळालं ते असं: सोन्याचांदीची अदलाबदल आणि खरेदी-विक्री करायची मुभा, दफनासाठी जमीन, ख्रिस्ती नोकर आणि दाया ठेवायची परवानगी, आपसातल्या तंट्यांसाठी आपला न्यायाधीश. त्यांच्या धर्माला न चालणारं मांस ख्रिस्त्यांना विकायचीही मोकळीक. बदल्यात वर्षाला साडेतीन पौंड श्पायरी नाणं. पेठेभोवती तटही घातला, आणि तो का, तेही लिहिलं: जमावाच्या दांडगाईचा त्रास होऊ नये म्हणून. सनद देणाऱ्याला धोका पहिल्याच दिवशी ठाऊक होता.

बारा वर्षांत तो आला. ३ मे १०९६, शनिवार. पहिल्या क्रुसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघालेले लोक आणि गावातले काही जण सिनेगॉगमध्ये सगळ्यांना एकत्र गाठणार होते. ज्यूंना कुणकुण लागली, त्यांनी लवकर प्रार्थना उरकून घरं गाठली. अकरा जण मारले गेले. तेव्हाचा बिशप योहान याने बाकीच्यांना आसरा दिला आणि काही हल्लेखोरांचे हात तोडले. अधिकारी मनात आणतो तेव्हा माणसं वाचतात याचा हा पुरावा, आणि पुढच्या दोन गावांत तो फार बोचतो.

११०४ मध्ये सिनेगॉग उभं राहिलं. आज पूर्वेची भिंत आणि इतर भिंतींचे भाग आहेत. जवळच्या छोट्या शपीरा संग्रहालयात त्याच बांधकामाच्या मूळ खिडक्या दिसतात. खिडकीच्या कमानीचे दगड नीट पाहून मग कॅथेड्रलकडे जावं. घडाई एकाच घराण्याची आहे, दोन्हीकडचे पाथरवट एकाच तालमीतले असणार.

मिक्वेला पुरेसा वेळ द्यावा. हे शुद्धिस्नानाचं कुंड, ११२० च्या सुमाराचं. त्याचा नियम समजला की बांधणी समजते. पाणी ओतून आणलेलं चालत नाही, ते आपोआप आलेलं हवं: पावसाचं, झऱ्याचं किंवा जमिनीतलं. किमान माप ४० सआ (जुनं ज्यू माप), आणि हिशोब कोणता धरता त्यावर ते तीनशे ते हजार लिटर होतं. शहराच्या मधोमध झरा कुठला? म्हणून भूजल लागेपर्यंत, दहा मीटर खाली उतरले. उतरताना आधी कमानीखालचा सरळ जिना, मग एक दालन. तिथे कपडे ठेवायची जागा आणि जोडखिडकी, तिच्यातून खालचं पाणी दिसतं. पुढे वळणाचा जिना कुंडात जातो. वरच्या झरोक्यातून थेट पाण्यावर उजेड पडतो. स्नान म्हणजे साबण लावून धुणं नव्हे. अंग आधीच स्वच्छ करून यायचं आणि डोक्यासकट पूर्ण बुडायचं. अंगाला आणि पाण्याला मध्ये काही अडवता कामा नये, अगदी अंगठीसुद्धा. भूजल ऱ्हाईनच्या पातळीबरोबर वरखाली होतं, म्हणून पायऱ्या कुंडाच्या आतपर्यंत नेल्या आहेत. नदी चढली की खालच्या पायऱ्या बुडतात. उन्हाळ्यातही खाली गारठा असतो, पायऱ्या झिजलेल्या आणि ओलसर असतात. चपला घालून जाऊ नये, रबरी तळाचे बूट बरे.

२२ जानेवारी १३४९. प्लेग पसरवल्याचा आळ आला तेव्हा अनेक ज्यूंनी आपली घरं पेटवून आत मरण पत्करलं. प्रेतं दारूच्या पिंपांत घालून ऱ्हाईनमध्ये सोडली, असं बखरी सांगतात.

तिसरा दिवस, गुरुवार: वॉर्म्स

श्पायरपेक्षा इथे जास्त वेळ लागतो. सकाळी आधी 'हायलिगर झांड' ही जुनी दफनभूमी, मग युडेनगासे. हा क्रम उजेडासाठी. इथल्या दगडांची तोंडं दक्षिणेला आहेत, त्यामुळे सकाळी ऊन पूर्वेकडून तिरपं येतं आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते. दुपारी समोरून ऊन आलं की लेख सपाट दिसतो. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी किंवा रुमाल काहीही चालतं. गवतात दगड अनेक ठिकाणी कललेले आहेत, त्यांना टेकू नये. अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा ब्रश लावणं तर अजिबात नको, वालुकाश्माचा पापुद्रा सहज सुटतो.

जुने दगड खालच्या भागात, नवे वरच्या चढावर, एकूण अडीच हजारांच्या आसपास. सर्वांत जुने अकराव्या शतकातले. नक्षी नाही, उभा दगड, खोलगट चौकट आणि आखलेल्या ओळींत अक्षरं. लेखाचा साचा ठरलेला: हा दगड अमक्याच्या मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्याशी उभा केला, मग वार-महिना-साल, शेवटी आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो हा आशीर्वाद. साल काढायची रीत सोपी आहे. हिब्रू सालातून ३७६० वजा करायचे, शरद ऋतूतल्या नववर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ३७६१. ४८५६ म्हणजे १०९६. चूक होते ती हजारांच्या बाबतीत. 'छोट्या गणने'त हजाराचा आकडा लिहीत नाहीत, आणि सन १२४० मध्ये हिब्रू सहस्रक बदललं. म्हणून ५००० गृहीत धरून अकराव्या शतकातला दगड वाचला की तो थेट हजार वर्षं पुढे, आपल्या काळात येतो.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या आणि खडे दिसतात ते राब्बी (ज्यू धर्मगुरू) मेइर ऑफ रोथेनबुर्ग यांच्या दगडावर. १२८६ मध्ये जर्मनी सोडून निघाले असताना त्यांना पकडलं आणि राजा रुडॉल्फने एन्सिसहाइमच्या किल्ल्यात ठेवलं. राजाला खंडणी हवी होती. आपल्यासाठी ती दिली तर प्रत्येक गावचा राब्बी उचलला जाईल म्हणून त्यांनी सुटका नाकारली, अशी परंपरा सांगते. १२९३ मध्ये ते कैदेत वारले. देह चौदा वर्षं दिला नाही. १३०७ मध्ये अलेक्झांडर बेन सालोमोन विम्फेन यांनी पैसे भरून तो सोडवला आणि आपल्याला त्यांच्या शेजारी जागा मागितली. दोन्ही दगड आजही शेजारी आहेत. या दोन दगडांपाशी सावकाश थांबावं. मागे झाडांतून कॅथेड्रलचे मनोरे दिसतात.

चालत पंधरा-वीस मिनिटांवर युडेनगासे. सिनेगॉगचं पहिलं बांधकाम १०३४ चं, देणगीदार याकोब बेन दाविद आणि त्यांची पत्नी राहेल यांचा लेख टिकला आहे. सध्याची रचना ११७४-७५ ची, दोन खांबांवर तोललेली. १२१२-१३ मध्ये बायकांचं सिनेगॉग जोडलं. बायका नुसत्या ऐकत नसत. १२७५ साली वारलेल्या उरानियाच्या लेखात ती बायकांसमोर गोड आवाजात प्रार्थना गाई असं कोरलं आहे. वॉर्म्सचे राब्बी एलाझार यांची पत्नी दुल्चा व्यवहार सांभाळून घर चालवी, पोथ्या शिवायला सूत काती. ११९६ मध्ये घरात शिरलेल्या मारेकऱ्यांनी तिला आणि बेलेत व हन्ना या दोन मुलींना मारलं. एलाझारनी तिघींवर लिहिलेल्या विलापिका वाचायला मिळतात. त्यातली दुल्चा ओव्या म्हणत दळणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांपेक्षा फार लांबची वाटत नाही. शुमच्या नियमांतही बाईच्या धनाचा विचार आहे: लग्नानंतर पहिल्या वर्षात मुलगी वारली तर तिचं स्त्रीधन माहेरी परत जाई, दुसऱ्या वर्षात निम्मं.

वॉर्म्सचा १०९६ चा मे महिना दोन टप्प्यांत घडला. काही ज्यू बिशपच्या वाड्यात गेले, काही घरीच राहिले आणि चीजवस्तू शेजाऱ्यांकडे सोपवली. मग एक प्रेत गावातून फिरवलं आणि आवई उठवली की ज्यूंनी ते उकळून पाणी विहिरींत टाकलं. १८ मेला घरी राहिलेले गेले, २५ मेला वाड्यातले. मृतांचा आकडा सुमारे ८०० सांगतात. विहिरीचा हा आळ नीट लक्षात ठेवावा, अडीचशे वर्षांनी तोच परत येतो.

आतली भिंत जवळून पाहिली की काळपट, कडा झिजलेले दगड आणि स्वच्छ नवे दगड वेगळे ओळखू येतात. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग जाळलं, १९४२ मध्ये पाडलं. नगर-अभिलेखपाल फ्रीडरिश इलर्ट यांनी घडीव अवशेष जपले, म्हणून १९६१ मध्ये पुऱ्या झालेल्या पुनर्बांधणीत ते परत बसले. वॉर्म्सची १२७२ ची प्रार्थनापोथीही त्यांनीच कॅथेड्रलमध्ये लपवून वाचवली, ती आता जेरुसलेमला आहे. तिच्यात एका शब्दाच्या ठळक अक्षरांच्या पोकळीत बारीक लिहिलं आहे: ही पोथी सिनेगॉगमध्ये उचलून नेणाऱ्याला चांगला दिवस लाभो. तारीख माहीत असलेलं यिद्दिश, म्हणजे जर्मन ज्यूंच्या बोलीतलं, हे सर्वांत जुनं वाक्य. कोणातरी हमालाचा विचार करून लिहिलेलं.

अंगणातलं मिक्वे ११८५-८६ चं. ओल आणि क्षारांमुळे त्याची दुरुस्ती लांबली आहे, आत उतरता येईल का हे आधी विचारून घ्यावं. राशी-हाऊसमधलं संग्रहालय सोमवारी बंद. फ्रान्समधल्या ट्रॉयचे भाष्यकार राशी तरुणपणी माइन्त्स आणि वॉर्म्सला शिकले, पण 'राशी चॅपल' म्हणून दाखवतात ती खोली १६२४ ची आहे.

चौथा दिवस, शुक्रवार: माइन्त्स

स्टेशनपासून मोंबाखर रस्त्याने दहा-पंधरा मिनिटांवर जुनी दफनभूमी. तिच्यातल्या स्मारक-दफनभूमीत एरवी आत सोडत नाहीत, कुंपणातून पाहावी लागते. आत जायचं तर आधी मार्गदर्शकासह फेरी ठरवावी. इथले दगड मूळ जागी नाहीत. १४३८ मध्ये ज्यूंना हाकलल्यावर शहराने थडगी उपटून बांधकामात वापरली. पुढे इमारती पाडताना ती सापडत गेली आणि १९२६ मध्ये राब्बी साली लेवी यांनी इथे पुन्हा उभी केली. म्हणून ती आखून लावल्यासारखी दिसतात. वॉर्म्समध्ये दगडाखाली माणूस आहे, इथे नुसता दगड.

इथे गेर्शोम बेन येहुदा यांचं स्मारक आहे. दहाव्या-अकराव्या शतकातले हे विद्वान. एकाहून जास्त बायका करू नयेत, पत्नीच्या संमतीशिवाय घटस्फोट देऊ नये, दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हे नियम त्यांच्या नावाने चालत आले. पत्राचा नियम व्यापारी पेठेतला आहे. पत्रं वाटसरूंच्या हाती जात आणि फोडलं तर दर कळत.

२५ मे १०९६ ला क्रुसेडवाल्यांचा म्होरक्या काउंट एमिखो वेशीशी आला. पंचायतीचे प्रमुख कालोनिमोस यांनी त्याला सात पौंड सोनं दिलं, आर्चबिशप रुटहार्टला चांदी दिली. २७ तारखेला गावकऱ्यांनी आतून दारं उघडली. उपासांनी गळालेले ज्यू शस्त्रं घेऊन वाड्याच्या दाराशी लढले, आर्चबिशपची माणसं पळाली. पुढे काय झालं ते हिब्रू बखरींत आहे: आयांनी मुलांना आणि मग स्वतःला मारलं, जबरीच्या बाप्तिस्म्यापेक्षा मरण बरं म्हणून. मृत हजाराच्या आसपास. सम्राट चौथा हाइनरिश इटलीत होता. परतल्यावर १०९७ मध्ये त्याने बळजबरीने बाटवलेल्यांना आपल्या धर्मात परतू दिलं. आणि ते परतले, माइन्त्सलाच.

व्याजाबद्दल इथे लिहायला हवं. १०८४ च्या सनदेतले ज्यू व्यापारी आहेत. पुढे कारागिरांच्या गिल्डांत त्यांना घेत नसत, जमिनीचे मार्ग आखडत गेले आणि ख्रिस्त्यांना चर्चने व्याज मना केलं. उरली सावकारी. माइन्त्स आणि वॉर्म्सने पुढाकार घेतलेल्या ऱ्हाईन शहरसंघाने १२५५ मध्ये कमाल दर ठरवला: आठवड्याच्या कर्जावर सालाला ४३ १/३ टक्के, वर्षाच्या कर्जावर ३३ १/३. हे दर मोठे वाटतात, पण त्यातून राजाचे कर जात आणि एका हुकमाने सगळं कर्ज बुडू शके. रोष मात्र दारात उभ्या सावकारावर निघे, मागच्या राजावर नाही.

संध्याकाळी शब्बाथआधी नव्या सिनेगॉगचा बाहेरून फेरफटका मारावा, २०१० चं हे बांधकाम हिरव्या कौलांत पाच हिब्रू अक्षरांच्या आकारात आहे.

पाचवा दिवस, शनिवार: एरफुर्ट

फ्रँकफर्टमार्गे आयसीईने तीन तासांच्या आत. ऱ्हाइनलंडचं तिकीट इथे चालत नाही, वेगळं आधी काढलं तर स्वस्त पडतं. जुनं सिनेगॉग वाघेगासेत, सर्वांत जुने भाग १०९४ च्या सुमाराचे, पश्चिमेची गोल खिडकीची भिंत १२७० ची. १३४९ नंतर ते कोठार झालं, एकोणिसाव्या शतकात वर नाचघर आणि खानावळ. १९३८ मध्ये जाळणाऱ्यांना ते सिनेगॉग असल्याचं कळलंच नाही, म्हणून उभं राहिलं. वरच्या मजल्यावर नाचघराचे रंग मुद्दाम राखले आहेत.

सप्टेंबर १३४८ मध्ये जिनिव्हा सरोवरावरच्या शियोंच्या किल्ल्यात ज्यूंचा छळ करून विहिरीत विष टाकल्याचे कबुलीजबाब घेतले आणि त्यांच्या नकला गावोगाव गेल्या. पोप सहाव्या क्लेमेंटने त्याच वर्षी फतवे काढून सांगितलं की ज्यूही प्लेगने मरत आहेत. कोलोनच्या परिषदेने स्ट्रासबुर्गला सबुरीचं पत्र लिहिलं. काही उपयोग झाला नाही. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबुर्ग, १ मार्चला वॉर्म्स, २१ मार्चला एरफुर्ट, २४ ऑगस्टला माइन्त्स. स्ट्रासबुर्गमध्ये तर प्लेग तोवर आलाही नव्हता. तिथल्या एका बखरकाराने लिहून ठेवलं की ज्यूंना मारणारं विष पैसा होता. गहाणवस्तू परत झाल्या, कर्जखती रद्द झाली.

तळघरात एरफुर्टचा खजिना आहे. १९९८ मध्ये जवळच्या मिखाएलिस रस्त्यावर खोदताना तळघराच्या दाराशी भिंतीखाली सापडला: ३,१४१ चांदीची नाणी, चांदीच्या १४ कांड्या, सातशेहून जास्त दागिने आणि भांडी. नाणी बहुतेक फ्रेंच राजांची. कोणी घाईत पुरला आणि परत काढायला आला नाही.

गर्दी टाळायची तर उघडल्या उघडल्या खाली जावं आणि लग्नाच्या अंगठीची पेटी गाठावी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची, सोन्याची. वर एक बारीक घर, कमानी आणि टोकदार छप्पर, छपराच्या पाखांवर 'मझल तोव' (शुभ होवो) अशी अक्षरं. ही रोज बोटात घालायची नव्हे, लग्नाच्या विधीपुरती वधूच्या बोटात जाई आणि परत पेटीत. त्या घराच्या आत सोन्याची एक सुटी गोळी आहे. हात हलला की ती वाजते.